शिळेपासून ओटीपर्यंत

रविवार, दिनांक १२ ऑक्टोबर २०२५. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. विरारजवळच्या निर्मळ गावातल्या दिवाकर राऊतांच्या घराला अंगणातून ओटीवर चढण्यासाठी लाकडी पायऱ्या होत्या पाच, आणि त्या मिनिटाला त्यांतल्या शाबूत उरल्या चार.

तिसरी पायरी एका अनोळखी तरुणाच्या उजव्या पायाखाली कडाडली, दुभंगली आणि त्याला गुडघ्यापर्यंत आपल्या पोटात घेऊन गप्प झाली.

दिवाकररावांची मुलगी क्षितिजा त्या वेळी अंगणात बसून पहाटे खुडलेला सोनचाफा केळीच्या पानांत बांधत होती. आवाज ऐकताच ती उठली आणि धावली.

"हलू नका!"

"हलता आलं असतं तर इथेच थांबलो असतो का?" तरुण म्हणाला. चेहऱ्यावर वेदना होती. पण त्याहून अधिक संकोच होता.

"कोण आपण?"

"उमंग. विरारहून आलो, फुलपाड्याहून. आईला चाफ्याचं कलम हवं होतं... कुणीतरी तुमचं घर सांगितलं."

"कलमं मागच्या वाडीत मिळतात. पायऱ्यांत नाही."

कुंपणापलीकडून शेजारच्या रेजिनामावशींचा आवाज आला, "काय गं क्षितिजा, काय पडलं?"

"पाहुणे पडले, मावशी!"

"मग उचल की त्यांना! बघत काय बसलीस?"

क्षितिजाने पहार आणली. फुटलेल्या फळीखाली तिचे टोक घालून तिने सावकाश जोर दिला. ती वाकली तेव्हा तिच्या केसांतून चाफ्याचा वास दरवळला, आणि पायरीत अडकलेला माणूस क्षणभर आपले दुखणे विसरला.

"जरा सांभाळून हं... तो पाय मला रोज लागतो."

"रोज लागतो तर बघून टाकायचा होता."

पाय मोकळा झाला. खरचटले होते, हाड शाबूत होते. उठून पळ काढायचा, तर हा गृहस्थ तिथेच उकिडवा बसला आणि मोडलेल्या फळीचा तुकडा बोटांनी कुसकरू लागला. बाहेरून सागवान दिसणारे ते लाकूड आतून ओला भुसा झाले होते. त्याने मान वर करून छपराकडे पाहिले.

"ती पन्हळ बघा. वर्षानुवर्षं तिचं पाणी नेमकं ह्याच पायरीवर पडतंय. पायरीची काही चूक नाही."

"आणि तुमची?"

"माझी एवढीच, की चढताना खाली पाहिलं नाही."

"मग कुठे पाहत होतात?"

उमंगने पुन्हा पन्हळीकडे मान वळवली. त्याचे कान मात्र लाल झाले, आणि क्षितिजाला एकाएकी आपल्या ओढणीचे टोक नीट करावेसे वाटले.

ओटीवरच्या खुर्चीतून दिवाकरराव हा सगळा प्रकार पाहत होते. त्यांच्या स्वरात एक विचित्र समाधान होते. "मोडली ना? मी म्हणत नव्हतो, ह्या पायऱ्यांचा भरवसा नाही?"

या समाधानाला कारण होते. आषाढातल्या पावसात दिवाकरराव ह्याच पायऱ्यांवरून घसरले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधले, डॉक्टरांनी चालण्याची मोकळीक दिली. ते चालतही; पण ओटीपासून माजघरापर्यंत आणि माजघरापासून ओटीपर्यंत. केळी-चाफ्याच्या ज्या वाडीत त्यांनी आयुष्य घातले, ती समोर दिसत होती. तिथे मात्र ते उतरत नव्हते. 'पायऱ्या धड नाहीत' हे त्यांचे उत्तर ठरलेले असे, आणि पायऱ्या दुरुस्त करू म्हटले की 'घाई काय आहे' हेही ठरलेले असे.

गणपतीत आत्याने बोईसरचे एक स्थळ आणले, तेव्हा क्षितिजाने सगळ्यांदेखत सांगून टाकले होते, "बाबा स्वतःच्या पायांनी खाली उतरतील, त्या दिवशी माझ्या लग्नाचं बोला. तोवर नाही." वाडी आता तीच सांभाळत होती. बोलण्यात राग नव्हता. शब्द मात्र पक्का होता. दिवाकररावांनी तो ऐकला होता आणि वर्तमानपत्राचे पान उलटले होते.

"काका, माझं कामणला लाकडाचं वर्कशॉप आहे," उमंग उठून उभा राहत म्हणाला. "पायरी मी मोडली, बांधूनही मीच देईन. खरं तर पाचही बदलायला झाल्यात."

"नको. मोडली ती मोडली. आम्हाला घाई नाही."

आतून क्षितिजाच्या आई, मथुराबाई, हात पुसत बाहेर आल्या. "तुम्हाला नसेल. मला दिवसातून दहादा खाली उतरावं लागतं. बाळ, तू कर रे पायऱ्या."

"ज्याने पायरी मोडली, त्याने परत इथे पाऊल ठेवायचं काम नाही," दिवाकरराव म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.

उमंग लंगडत स्कूटरपाशी गेला. कलम घ्यायचे राहूनच गेले. मात्र क्षितिजाचा फोन नंबर घ्यायचे राहिले नाही. कामाच्या मापासाठी, असे तो म्हणाला.

*

माप मागणारा संदेश दुसऱ्याच दिवशी आला. 'ओटीच्या कडेपासून खाली जमिनीपर्यंतचं उभं माप पाठवा. अर्धा इंचही चुकता कामा नये.'

दुपारी दिवाकररावांचा डोळा लागल्यावर मायलेकी टेप घेऊन बाहेर आल्या. मथुराबाईंनी टेपचे टोक ओटीच्या कडेला धरले. क्षितिजाने खाली वाकून आकडा वाचला. बरोबर साडेतीन फूट. खात्रीसाठी तिने तो पुन्हा वाचला आणि कळवला.

'नक्की?' उत्तर आले.

'माझ्या मोजण्यावर अख्खा फुलबाजार विश्वास ठेवतो.'

'मग मीही ठेवला.'

एवढ्यावर संवाद संपायला हरकत नव्हती. तो संपला नाही. पावलाला किती रुंद फळी हवी, या प्रश्नावरून तो तिच्या आवडीच्या मिसळीपर्यंत गेला, आणि लाकडाला कोणते तेल द्यावे यावरून त्याच्या आईच्या, मंदाताईंच्या, खिडकीतल्या कुंड्यांपर्यंत पोहोचला. 'आमच्या इमारतीला चार मजल्यांच्या पायऱ्या आहेत,' त्याने एकदा लिहिले, 'पण त्यातली एकही आमची नाही.' ते वाक्य तिने दोनदा वाचले.

आठवड्याने तो लाकडाचे नमुने घेऊन आला. मोडक्या पायरीवर तोवर आडवी फळी टाकलेली होती. त्याने बूट काढले आणि पायऱ्यांच्या तळाशी असलेल्या काळ्या, गुळगुळीत शिळेवर पाय ठेवणार, तोच क्षितिजा म्हणाली,

"अहो... तिथे नाही. ती घरच्यांची."

"घरच्यांची म्हणजे?"

"वाडीतून आलं की आम्ही त्या शिळेवर उभं राहून पाय धुतो आणि मग वर चढतो. पाहुण्यांनी चपला काढायच्या आणि बाजूने सरळ पहिल्या पायरीवर यायचं."

"आणि पाहुण्यांच्या पायांना धूळ असली तर?"

"पाहुण्यांच्या पायाची धूळ घरात आलेली चांगली. आपल्या माणसांची मात्र धुवावी लागते."

"म्हणजे पाहुणा आहे तोवरच माझ्या धुळीला मान," उमंग म्हणाला. तिच्याकडे न पाहता, पण तिला ऐकू जाईल असे.

दिवाकररावांनी त्याला पाहून कपाळाला आठी घातली. उमंग खुर्चीपुढे जमिनीवर बसला आणि त्याने फळीचा एक तुकडा त्यांच्या हातात दिला. घरात चार पिढ्या वाडीचा व्यवसाय झालेला. लाकूड हाती आल्यावर दिवाकररावांना राहवेना. त्यांनी ते नखाने टकटकवले, नाकाशी नेले.

"सागवान. कुठलं?"

"कामणला एका जुन्या गोदामाच्या छपराच्या कैच्या उतरवल्या, त्यातलं."

"वय?"

"माझ्याहून मोठं, तुमच्याहून तरुण."

मथुराबाई आत हसल्या. दिवाकरराव हसले नाहीत; पण आठी सैल झाली.

मग उमंगने पिशवीतून तीन गोल दांडके काढले. एक बारीक, एक मध्यम, एक जाड. "काका, माझ्या पटाशीची मूठ बदलायची आहे. ह्यातलं कुठलं हाताला बरं वाटतं? जोर देऊन धरून बघा. उठताना धराल तसं."

"पटाशी मी कशाला धरू?"

"तुमच्या हातांनी जन्मभर कुदळ धरली आहे. मुठीचं तुम्हाला कळणार नाही तर कुणाला?"

दिवाकररावांनी तिन्ही दांडके धरून पाहिले. मध्यम त्यांच्या मुठीत असे बसले, की परत द्यायला त्यांनी थोडा उशीर केला. क्षितिजा चहा घेऊन दारात उभी होती. पटाशीच्या मुठीसाठी एवढा जाड दांडका लागत नाही, हे तिलाही कळत होते. मग हा काय मोजतोय?

*

दिवाळीनंतरच्या रविवारी, २६ ऑक्टोबरला, टेम्पो अंगणात आला. पायऱ्या अखंड जोडलेल्या होत्या. दोन बाजूंना तिरके भक्कम आधार, मध्ये पाच रुंद फळ्या, फळ्यांच्या कडा हाताला लागू नयेत अशा गोलावलेल्या. उमंगने आधी पन्हळीला कोपर बसवून तिचे तोंड अंगणाच्या कडेला वळवले. मग टेम्पोवाल्याच्या मदतीने जुन्या पायऱ्या काढल्या. तळाची शिळा त्याने पहारेने हळूच उचकटून, जिवंत वस्तू उचलावी तशी, तुळशीपाशी नेऊन ठेवली. तिच्याखालची माती पाणपातळी लावून सपाट केली आणि नव्या पायऱ्या तिथे उभ्या केल्या.

पायऱ्या ओटीला टेकल्या, पण भलत्याच ठिकाणी. पाचव्या पायरीपासून ओटीपर्यंत सात इंचांचा चढ उरायला हवा होता. उरला चौदा इंचांचा.

उमंगने टेप काढला. पुन्हा लावला. मग तो क्षितिजाकडे वळला.

"तुम्ही जमिनीपासून माप घेतलं होतं ना?"

"जमिनीपासूनच घेतलं. दोनदा वाचलं."

"इथे चार फूट एक इंच भरतंय! मला साडेतीन कळवलंत."

"साडेतीनच होतं. तुमचा टेप तपासा."

"माझा टेप? वर्कशॉपआधी कंपनीत सात वर्षं मशिनिंग केलंय मी, मला टेप तपासायला सांगता?"

"मग ओटी काय रातोरात वाढली? आणि माझ्यावर कशाला ओरडतोस?"

भांडणात 'तुम्ही' कुठेतरी गळून पडले. ते दोघांच्याही ध्यानात आले आणि दोघेही एकदम गप्प झाले. कुंपणावरून रेजिनामावशी म्हणाल्या, "चालू द्या, चालू द्या. माझी आमटी उकळेपर्यंत वेळ आहे."

"क्षितिजा," उमंग शांतपणे म्हणाला, "माप घेताना टेप कुठे टेकवला होतास? दाखव."

ती आत्मविश्वासाने पुढे आली, नेहमीच्या जागी वाकली, आणि तिचा हात हवेतच थांबला. तिथे काहीच नव्हते. तिने तुळशीकडे पाहिले.

"शिळेवर," ती पुटपुटली.

"शिळेवर? मी जमीन म्हटलं होतं!"

"आम्हाला... तीच जमीन." तिचा चेहरा तांबडा झाला होता. "मातीतून थेट पायरीवर आमच्याकडे कुणी कधी पाय ठेवलाच नाही. जन्मल्यापासून चढायला सुरुवात करते ती शिळेवरूनच. तिच्याखाली आणखी जमीन असते, हे मनातच आलं नाही."

"माझ्याही नाही आलं," मथुराबाई ओटीवरून म्हणाल्या. "वरचं टोक मी धरलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी ह्याच शिळेवर माझे पाय धुतले. माझं हे घर तिथूनच सुरू होतं रे बाळा."

उमंग त्या दोघींकडे पाहत राहिला. दोन आठवड्यांची मेहनत सात इंचांनी लोंबकळत होती. रागवावे की नाही, हे त्याला ठरवता येईना. आणि मग तो हसू लागला. खळाळून, डोक्याला हात लावून. क्षितिजालाही हसू आवरेना.

"हसताय काय?" ओटीवरून दिवाकररावांचा आवाज आला. ते खुर्चीतून उठून उभे होते. "विहिरीवर जुन्या रहाटाच्या खांबांखालचे दोन दगड पडलेत. घडीव, एका मापाचे. शिळा त्यांच्याच जोडीची, एकाच खाणीतली. दोन्ही आधारांखाली एकेक दे आणि शिळा पुढे तिच्या जागी ठेव. लाकूड मातीला टेकलं तर वाळवी लागते, एवढं तुम्हाला शिकवलं नाही का?"

उमंगने जीभ चावली. "शिकवलं होतं, काका. लोखंडी पट्ट्या लावणार होतो खालून. पण दगड उत्तम."

"डावीकडचा दगड आधी आण. त्याला खूण आहे... थांब, मी दाखवतो—"

बोलता बोलता दिवाकरराव ओटीच्या कडेपर्यंत आले. एक पाय उचलला गेला. अंगणात सगळे स्तब्ध झाले. कुंपणापलीकडे रेजिनामावशींची मान उंच झाली. दिवाकररावांनी मावशींकडे पाहिले, सगळ्यांकडे पाहिले. पाय मागे गेला.

"...खूण दिसेलच तुला," ते म्हणाले आणि खुर्चीकडे वळले.

दगड आले, पायऱ्या त्यांवर बसल्या, चढ बरोबर सात इंच भरला. शिळा तिच्या जागी परतली. शेवटी उमंगने टेम्पोतून एक कठडा काढला आणि उतरताना उजव्या हाताला येईल असा बसवला. कठड्याचा वरचा गोल दांडा पाहताच क्षितिजा जागच्या जागी थबकली. त्याची जाडी तिच्या ओळखीची होती.

"कठडा कुणी सांगितला होता?" दिवाकरराव गुरगुरले. "कठडे म्हाताऱ्यांना लागतात."

"काकूंसाठी आहे, काका. त्या हातात कळशी घेऊन चढतात."

"मला?" मथुराबाई म्हणाल्या, मग त्यांनी उमंगच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि सूर बदलला. "हो, मला हवाच होता."

क्षितिजाने त्या दांड्यावरून एकदा हात फिरवला. आपल्या वडिलांच्या मुठीचे माप ह्या माणसाने त्यांना कळूही न देता घेतले होते. ते मोजताना त्यांचा मान इतका जपला होता, की ती स्वतः लेक असूनही तिला ते सुचले नसते. प्रेम नेमके कोणत्या क्षणी जडले असे तिला पुढे कुणी विचारले असते, तर तिने हाच क्षण सांगितला असता.

*

जवसाचे तेल देऊन होत आले, तोच समुद्राकडून ढग चढून आला. पाऊस जायला निघाला होता, पण जाता जाता काहीतरी विसरल्यासारखा परत फिरला. क्षितिजाने केळीच्या शेडमधून निळी ताडपत्री ओढून आणली. टेम्पो गेलेला होता. बांधायला वेळ नव्हता. एका बाजूची टोके तिने धरली, दुसऱ्या बाजूची त्याने. मधोमध ओल्या तेलाच्या पायऱ्या चकाकत होत्या आणि डोक्यावर पाऊस ताशा बडवत होता.

"क्षितिजा... एक विचारू?"

"हात वर ठेवून विचार. ताडपत्री खाली येतेय."

"त्या दिवशी मी कलम घ्यायला आलो होतो. ते अजून नेलं नाही."

"माहीत आहे. कुंडीत बाजूला काढून ठेवलंय. दर वेळी विसरतोस."

"विसरत नाही." तो थांबला. "नेलं असतं, तर परत यायला कारण उरलं नसतं."

पावसाचा एक झोत आडवा आला आणि तिच्या गालांवर शिंतोडे उडवून गेला. पुसायला हात मोकळा नव्हता. तिने ते तसेच राहू दिले.

"आणि आता पायऱ्या झाल्यावर? कुठलं कारण काढणार?"

"तेच विचारतोय. कारणाशिवाय आलो तर चालेल का? म्हणजे... नेहमीसाठी?"

तिने वर ओटीकडे पाहिले. वर्तमानपत्र उघडे होते. पान मात्र केव्हापासून उलटले गेले नव्हते. मग तिने, आपल्या मते हलक्या आवाजात, आपला शब्द त्याला सांगितला. आत्या, बोईसरचे स्थळ, सगळ्यांदेखत केलेला निश्चय, सगळे काही.

"म्हणून आज उत्तर देता येत नाही," ती म्हणाली. "बाबा उतरतील त्या दिवशी देईन. ते उतरेपर्यंत मी त्यांना एका शब्दानेही सुचवणार नाही. आणि तूही नाही."

"म्हणजे माझं सगळं माझ्याच पायऱ्यांवर अवलंबून?"

"मजबूत बांधल्या आहेस ना? मग घाबरतोस कशाला?"

तिच्या डोळ्यांत जे हसू होते, ते उत्तर नव्हते. पण उत्तराच्या फार जवळ होते.

"अगं, ताडपत्री धरली आहे की अंतरपाट?" रेजिनामावशी छत्री घेऊन कुंपणाशी उभ्या होत्या. ताडपत्री एकदम तिरकी झाली आणि साठलेले पाणी उमंगच्या डोक्यावर रिकामे झाले.

*

पायऱ्या तयार होत्या. दिवाकरराव मात्र उतरले नाहीत. उमंग दर रविवारी 'सांधे बघायला' येई. "लाकडाचे की बाबांचे?" असे क्षितिजा विचारी. येताना तो पूर्वीसारखाच बूट काढून बाजूने चढे. शिळेवर त्याने एकदाही पाय ठेवला नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ती चहा घेऊन निघाली, तेव्हा ओटीवरचे बोलणे ऐकून दाराआड थांबली.

"त्या दिवशी पाय अडकला तेव्हा काय वाटलं रे तुला?" दिवाकरराव विचारत होते.

"लाज."

"दुखलं नाही?"

"दुखलं नंतर. आधी लाज."

दिवाकररावांनी वर्तमानपत्राची घडी करून मांडीवर ठेवली.

"मी पडलो तेव्हा मला चौघांनी खुर्चीत घालून गाडीपर्यंत नेलं," दिवाकरराव म्हणाले. "अख्खी आळी उभी होती. ह्याच आळीतून मी जन्मभर डोक्यावर केळीचे लोंगर घेऊन ताठ चाललो... पाय आता ठीक आहेत. पायऱ्याही चांगल्या झाल्यात. तुला तोंडावर सांगत नाही एवढंच. पण आज मी उतरलो की सगळे कौतुक करतील, रेजिना टाळ्या वाजवेल. बाळ पहिलं पाऊल टाकतं तेव्हा वाजवतात तशा. ते मला नको. मला काही काम असेल तर मी उतरेन. माझ्याशिवाय अडेल असं काम. कौतुकासाठी नाही."

क्षितिजाला वाटले, आता तो शब्द मोडेल, काहीतरी सुचवेल. "खरं आहे, काका," एवढेच तो म्हणाला.

चहा निवला होता. तो पुन्हा गरम करायला ती आत वळली, तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. आणि तरीही मनात कुठेतरी खोल समाधान होते. हा माणूस वाट पाहू शकत होता.

*

कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा सुरू झाली. सकाळपासून रस्त्यावर माणसांची वर्दळ, पिपाण्यांचा गोंगाट, आणि सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या पिकल्या केळ्यांचा, गोड वास पार आळीपर्यंत आलेला. उमंग आईला जत्रा दाखवायला घेऊन आला होता. येताना दोघेही राऊतांच्या अंगणात शिरले.

मंदाताई पाहुण्या, त्यांनी चपला काढल्या आणि कठडा धरून, पायऱ्या कौतुकाने न्याहाळत त्या वर आल्या. मथुराबाईंनी त्यांना हाताला धरून बसवले.

"ह्याला पाच वेळा कलम आणायला पाठवलं," मंदाताई म्हणाल्या. "प्रत्येक वेळी हात हलवत परत. शेवटी म्हटलं, आपणच जाऊन बघावं, असं कुठलं कलम आहे ते."

क्षितिजा कुंडी हातात घेऊनच उभी होती. तिच्या कानशिलांवर जो रंग चढला, तो पाहून मंदाताईंना हवे ते कळले. दिवाकररावांनी एकदा कुंडीकडे पाहिले, एकदा मुलीकडे, आणि मग खाली अंगणात. महिनोन्‌महिने ओटीवर बसून राहिलेल्या माणसाच्या नजरेतून काय सुटणार होते?

उमंग बूट काढून, नेहमीप्रमाणे शिळा चुकवून, बाजूने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवणार होता.

"थांब!"

त्याचे पाऊल जागच्या जागी राहिले.

"तिथून नाही," दिवाकरराव म्हणाले. "शिळेवर उभा राहा."

उमंगने क्षितिजाकडे पाहिले. तिने कुंडी छातीशी धरली. तो बाजूला झाला आणि त्या काळ्या, गार शिळेवर अनवाणी उभा राहिला. क्षितिजाने कुंडी ठेवून पाण्याचा तांब्या उचलला.

"तू नाही," दिवाकरराव म्हणाले. "हे काम बापाचं असतं."

त्यांनी तांब्या डाव्या हातात घेतला. उजवा हात कठड्याच्या दांड्यावर ठेवला. दांडा मुठीत चपखल बसला. क्षणभर त्यांनी मुठीकडे पाहिले, मग खाली उभ्या असलेल्या उमंगकडे. आणि पटाशीच्या मुठीचे कोडे त्यांना त्या क्षणी उलगडले असावे, कारण त्यांच्या मिशीखाली हसू हलले. मग ते उतरू लागले. सावकाश, ताठ, पाण्याचा थेंब न सांडता.

कुंपणाशी हालचाल झाली.

"रेजिना," दिवाकरराव मान न वळवता म्हणाले, "टाळ्या वाजवल्यास तर जत्रेतली सुकेळी मिळायची नाहीत."

"मी कुठे वाजवतेय?" मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "हाताला पीठ लागलंय, ते झटकतेय."

शिळेपाशी येऊन दिवाकरराव वाकले आणि त्यांनी उमंगच्या पायांवर पाण्याची धार धरली.

"काका, तुम्ही..."

"बोलू नकोस. पाय चोळ. जत्रेची सगळी धूळ घेऊन आलास." मग वर न पाहता ते मुलीला म्हणाले, "क्षितिजा, मी खाली आलो. तुझ्या शब्दातून तू सुटलीस. आता ह्या मुलाचं काय ते उत्तर देऊन टाक, उगाच ताटकळत ठेवू नकोस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"ताडपत्रीवर पाऊस वाजत होता, म्हणून तुम्ही मोठ्याने बोलत होतात."

मथुराबाईंनी तोंडाला पदर लावला. क्षितिजा पाच पायऱ्या कशा उतरली ते तिचे तिलाच कळले नाही. ती उमंगसमोर उभी राहिली. त्याच्या ओल्या पायांकडे पाहिले, मग त्याच्या डोळ्यांत.

"उत्तर?" त्याने अगदी हळू विचारले.

"शिळेवर उभा आहेस," ती म्हणाली, "आणि अजून विचारतोस?"

दिवाकररावांनी रिकामा तांब्या तिच्या हाती दिला आणि ते वाडीच्या दिशेने चालू लागले. चाफ्याच्या आळ्यांत गवत फार माजले होते, असे त्यांचे ओटीवरून कधीचे मत होते. उमंग ओल्या पावलांनी पायऱ्या चढला. सागवानावर त्याची पावले उमटली आणि उन्हात सावकाश सुकली.

राऊतांच्या घरी त्या शिळेवर पाय धुऊन वर जाणारी माणसे आजवर तीन होती. आता चार.